बळीराजा कोणत्या रकान्यात?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलं की आधी पात्राचा कागद भरावा लागतो. नाव, वंश, पेशा, ताकद, अक्कल आणि एका कोपऱ्यात छोटासा रकाना : अलाइनमेंट. तुमचं पात्र नैतिकदृष्ट्या कुठं उभं आहे, ते इथं लिहायचं. एका बाजूला शिस्तीचा, तटस्थ, स्वैर. दुसऱ्या बाजूला भला, तटस्थ, दुष्ट. तीन गुणिले तीन, नऊ घरं. या नऊ घरांचे मीम तुम्ही पाहिले असतीलच. त्यात पुढाऱ्यांपासून नाश्त्याच्या पदार्थांपर्यंत सगळ्यांना बसवून झालंय.

भंडाऱ्यात आमचा पाच जणांचा गट आहे. धान कापणीला आलेलं, गावोगाव मंडई भरू लागलेली, अशा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खेळतो. खेळ चालवणाऱ्या मित्रानं एकदा स्वतःचं जग रचलं. त्यात ऑर्कच्या जागी असुर होते आणि त्यांचा राजा होता बळी. आता बळीचा रकाना भरायचा होता. एक जण म्हणाला, "असुर हाये ना तो? मंग दुष्टच." दुसऱ्याच्या घरची धानाची बांधी आहे. तो भडकला, "बळीराजा दुष्ट कायले राहीन बे? माह्या बापाले बळीराजाच म्हणतेत ना!" पुढचे दोन तास कुणी फाशाला हात लावला नाही.

भांडण गमतीचं होतं, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. कारण त्या एका रकान्यात आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो. हा कोणाच्या पोटी जन्मला? हा कोणाच्या बाजूनं लढतो? आणि हा वागतो कसा? तिन्हींचं उत्तर एकच असेल, असं आपण न बोलता धरून चालतो.

बाजूपासून सुरुवात करू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला, तेव्हा त्यात भलं-दुष्ट नव्हतंच. शिस्त, तटस्थता आणि गोंधळ असे तीनच प्रकार होते. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून ही कल्पना आलेली. त्या तिन्हींखाली प्राण्यांच्या आणि माणसांच्या याद्या होत्या. युद्धात कोण कोणत्या फौजेत, हे सांगणाऱ्या. भल्या-दुष्टाची दुसरी रेघ नंतर आली आणि १९७८च्या नियमपुस्तकात नऊ घरं पक्की झाली. त्या काळच्या नियमांत प्रत्येक अलाइनमेंटची स्वतःची भाषासुद्धा होती. एका गटाचे लोक आपापसांत ती बोलत. म्हणजे रकाना स्वभावाचा म्हणायचा, पण त्याचं मूळ छावणीचं. १९८०च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात तर आपल्याकडच्या देवांनाही असे रकाने वाटून झाले.

छावणी बदलली की रकाना बदलतो, हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. दसऱ्याला गावोगाव रावण जळतो, आणि अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात त्याच रावणाच्या मूर्तीची पूजा होते. मेळघाटातले कोरकू मेघनादाला पुजतात. कागद कोणाच्या हातात आहे, यावर बरंच काही ठरतं.

मग सगळंच ज्याच्या-त्याच्या नजरेचं, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण बळीच आहे. पुराणातली कथा वामनाच्या बाजूनं सांगितलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ती पार उलटी केली. त्यांच्यासाठी बळी हा इथला न्यायी राजा आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक. दोघांचं कशावरही एकमत व्हायचं कारण नाही. तरी पुराणकथेतसुद्धा बळी दिलेला शब्द मोडत नाही. शुक्राचार्य सावध करतात, सगळं जाणार हे दिसतं, आणि तो तिसऱ्या पावलासाठी डोकं पुढं करतो. विरोधी पक्षाचा साक्षीदारही ज्याच्या चांगुलपणाची साक्ष देतो, त्याला दुष्ट कसं म्हणायचं? बाजू सोडून माणसाच्या करणीवर बोट ठेवलं, की दोन छावण्यांनाही एकत्र पाहता येतं असं काहीतरी हाती लागतं. सगळीकडे लागेलच असं नाही. पण बळीच्या बाबतीत लागतं.

आता जन्म. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत राक्षसांच्या अलाइनमेंटआधी 'नेहमी', 'बहुधा', 'अनेकदा' असे शब्द जोडलेले असत. अमुक वंश 'बहुधा दुष्ट'. वाचताना हा निव्वळ खेळाचा नियम वाटतो. पण १८७१ साली ब्रिटिश सरकारनं हाच नियम माणसांसाठी केला : गुन्हेगार जमाती कायदा. अमुक जमातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. पुढं तो देशभर पसरला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या यादीतून मुक्त झाल्या. म्हणून त्यांना आपण 'विमुक्त' म्हणतो. शिक्का कागदावरून गेला, लोकांच्या डोक्यातून गेला नाही. तो घेऊन जगणं म्हणजे काय, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त वाचायला मिळतं. त्या पुस्तकाचं नावच तो शिक्का आहे.

खेळ बनवणाऱ्या कंपनीनं २०२०मध्ये जाहीर केलं, की ऑर्क आणि ड्राउ यांना यापुढं जन्मजात दुष्ट म्हणून रंगवणार नाही. त्यावर बरेच जुने खेळाडू चिडले. त्यांचं म्हणणं असं : खेळात कुणालातरी बिनधास्त मारता आलं पाहिजे ना? दिवसभर कॉलेज, नोकरी, घरचे. संध्याकाळी तरी डोक्याला ताप नको. ही इच्छा मला समजते. पण तिच्यात एक अडचण आहे, आणि ती ऑर्कपेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे.

भंडाऱ्यात राहणाऱ्याला ही अडचण टाळता येत नाही. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी आमच्याच जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथं भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं गेलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. मी हे खेळाच्या पंगतीत बसवायला सांगत नाहीये. सांगतोय ते एका शब्दासाठी. असं काही घडलं की आपण म्हणतो, "राक्षस होते ते." राग खरा असतो, पण त्या शब्दानं आपली सुटका होते. मारणारे त्याच गावचे होते. शेती करणारे, शेजारी राहणारे. आदल्या दिवशी त्यांचा कागद भरायला सांगितला असता तर बहुतेकांपुढं 'शिस्तीचा' असंच लिहिलं गेलं असतं, कारण गावाची रीत ते पाळतच होते. रीतच कोणाला तरी खाली दाबत असेल तर शिस्त म्हणजे भलेपणा नव्हे. त्या नऊ घरांच्या तक्त्यात खरं मोलाचं काही असेल, तर ते हेच : शिस्त आणि भलेपणा या दोन वेगळ्या रेघा आहेत.

आणि राक्षस म्हटलं की दोषही उरत नाही. जो जन्मानंच दुष्ट, त्याला वेगळं वागताच येत नव्हतं. मग शिक्षा कसली? २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं या खटल्यात आठ जणांना दोषी ठरवलं. ते दोषी ठरू शकले, कारण ते माणसं होते आणि त्यांना तसं न वागणं शक्य होतं. जन्माचा शिक्का असा दोन्हीकडून खोटा : निरपराध माणसाला तो गुन्हेगार करतो आणि गुन्हेगाराला निसर्गाच्या आड लपवतो.

मग रकाना फाडून टाकायचा का? मी तरी फाडणार नाही. नव्या खेळाडूला त्याचा उपयोग होतो. 'मी शिस्तीचा भला' असं लिहिलं की निदान कसं वागायचं ठरवलंय हे तरी कळतं. फक्त त्याला निकाल समजू नये. तो संकल्प आहे. एक जानेवारीला आपण व्यायामाचा करतो तसा.

निकालाची चांगली रीत मला १९८५च्या 'अल्टिमा फोर' या कॉम्प्युटर गेममध्ये दिसते. तिथं सुरुवातीला तुम्हाला भले की दुष्ट असं विचारतच नाहीत. दोन सद्गुण समोर ठेवतात, उदाहरणार्थ दया आणि प्रामाणिकपणा, आणि कोंडीत कोणता धराल ते विचारतात. मग गेम गप्प बसून पाहतो. जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी असते; पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिले तरी ती काही बोलत नाही. तुमचा प्रामाणिकपणा मात्र आत कुठंतरी कमी होतो, आणि ते कळतं फार नंतर.

आमच्या गटात आता रकाना पेन्सिलनं भरतात. खेळ संपला की प्रत्येकानं एक ओळ लिहायची : आज माझ्या पात्रानं कोणाचं काय केलं. 'शरण आलेल्याला सोडलं.' 'गावकऱ्यांना खोटं सांगून धान्य नेलं.' पाच-सहा बैठकांनंतर त्या ओळी वाचल्या की पात्राचा स्वभाव आपोआप दिसतो, आणि कधीकधी तो खेळणाऱ्यालाही आवडत नाही. या नियमानं खेळ थोडा संथ झाला. गुहेत शिरताच तलवार चालवायची सोय गेली, कारण समोरचा कोण आहे आणि त्यानं काय केलंय, हे आधी विचारावं लागतं.

बळीचा रकाना अजून रिकामाच आहे. त्याच्यापुढं एक ओळ तेवढी आहे : 'शब्द पाळला, सगळं गेलं तरी.' धान्य पिकवणाऱ्या माणसाला अख्ख्या मराठी मुलखानं एका असुराचं नाव दिलं, ते याच ओळीवरून दिलं असावं.