क्लोझेची कीर्ती
ज्या ब्राझीलमध्ये फुटबॉल हा राष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे, त्याच ब्राझीलच्या बेलो होरिझोंटे शहरी, ८ जुलै २०१४ रोजी, मिरोस्लाव्ह क्लोझे या छत्तीस वर्षांच्या जर्मन आघाडीपटूने विश्वचषकातील आपला १६ वा गोल करून यजमानांच्या लाडक्या रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम मोडला. आणि तरीही त्या सामन्याची गोष्ट निघाली म्हणजे लोकांच्या ओठी जर्मनीच्या विजयाचा ७–१ हा आकडा येतो, क्लोझेचे नाव क्वचितच.

हा अन्याय आहे अशी फिर्याद मी करणार नाही. रोनाल्डोने ते १५ गोल १९ सामन्यांत केले, क्लोझेने १६ गोल २४ सामन्यांत. रोनाल्डोच्या चाहत्यांची बाजू दुबळी नाही. परंतु लोकप्रियतेचा निवाडा अशा हिशेबाने होतच नाही. प्रेक्षकाची दृष्टी चेंडूमागे धावते आणि ज्याच्या पायाशी चेंडू अधिक काळ रमतो त्याच्यावर ती जडते. क्लोझेचे खरे कर्तृत्व मात्र चेंडू येण्यापूर्वीच पुरे झालेले असे. विक्रमाचा तो गोलच पाहावा: त्याचाच पहिला फटका गोलरक्षक ज्युलिओ सेझारने अडविला, चेंडू उसळून परतला, आणि तो जेथे परतला तेथे क्लोझे आधीच हजर होता. अशा गोलास पाहणारा नशीब म्हणतो. पण चार विश्वचषकांत, बारा वर्षे, नशीब एकाच माणसाच्या सेवेत राहत नाही. पोलंडमध्ये जन्मून बालपणी जर्मनीत आलेल्या या मुलाने सुतारकामाचे शिक्षण घेतले होते, आणि तो आरंभी खेळला तो सातव्या श्रेणीतील एका लहानशा गावच्या संघातून. जागा हेरण्याची ही विद्या त्याने डामडौलाच्या वाऱ्यापासून दूर राहून कमावली, असे मला वाटते.

त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ८८ व्या मिनिटास त्याच्या जागी त्याचा सहकारी गोत्से उतरला, आणि विजयाचा गोल गोत्सेने केला. जगाने गोत्सेचे नाव घेतले, ते योग्यच होते.

माझ्या मनात क्लोझेविषयी जो आदर आहे, त्याचे मूळ या विक्रमात नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये नेपल्स येथे लाझिओ या इटालियन संघाकडून खेळताना, सामना नुकताच सुरू झालेला असता, त्याच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. पंचांनी गोल जाहीर केला, आणि क्लोझेने स्वतः त्यांच्याकडे जाऊन खरी हकीकत सांगितली. गोल रद्द झाला, प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी कृतज्ञतेने त्याचे हात हाती घेतले, आणि लाझिओ तो सामना ०–३ असा हरला. ज्याची सारी किंमत गोलांच्या संख्येवरून ठरावयाची, त्याने आपल्या नावावर जमा झालेला गोल स्वखुशीने खोडून घ्यावा, याला मी त्या सोळाही गोलांपेक्षा श्रेष्ठ मानतो. ही क्षणाची ऊर्मी होती असेही म्हणता येत नाही; २००५ साली वेर्डर ब्रेमेन या जर्मन संघाकडून खेळताना, पंचांनी त्याच्या बाजूने दिलेली पेनल्टी चुकीची आहे असे त्यानेच त्यांना सांगितले होते.