रियाधमधील क्षेत्रकार्य आणि पैशाचा प्रश्न

परदेशातील क्षेत्रकार्याला पैसा लागतो तो प्रवासापेक्षा मुक्कामासाठी. भारतातल्या संशोधनवृत्ती ठरवताना ही गोष्ट फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. यूजीसीची कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये झाली. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला तिच्याबरोबर मिळणारा आकस्मिक खर्च मात्र पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये एवढाच असतो. पुस्तके, झेरॉक्स, फिरती सगळे त्यातूनच भागवायचे. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला महिन्याला ८,००० रुपये मिळतात. परदेशात सामग्री जमवण्यासाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेकडे आहे, पण तिच्या आधाराने एखाद्या परक्या शहरात वर्ष काढणे अवघड आहे.

या उणिवेची किंमत महाराष्ट्राला कशी मोजावी लागते, हे रियाधच्या उदाहरणावरून दिसते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामे सुरू झाली, तेव्हापासून रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील माणसे, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतली, तिकडे जात आली आहेत. आज सौदी अरेबियात वीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून स्थलांतराची सर्वेक्षणे सातत्याने केली, म्हणून मलयाळी स्थलांतराबद्दल नेमके बोलता येते. चिपळूण–खेडच्या स्थलांतराबद्दल तशी सलग माहिती हाताशी नाही. गावातील नवी घरे, मनीऑर्डरीच्या जागी आलेली बँकखाती, एकट्याने संसार चालवणाऱ्या बायका हे सगळे इकडून पाहता येते. दुसरे टोक मात्र रियाधला आहे.

ते टोक दिसते शुक्रवारी, बथा भागात. आठवड्याच्या सुटीला शहराच्या कडेच्या कामगार-छावण्यांतून माणसे तिथे येतात, पैसे पाठवण्याच्या खिडक्यांपुढे रांगा लावतात, केस कापून घेतात, गाववाल्यांना भेटतात. अशा गर्दीत पहिल्याच शुक्रवारी वही उघडून बसणाऱ्याला काही कळत नाही. कोणी कोणाला व्हिसा मिळवून दिला, त्याचे किती घेतले, कफीलाने, म्हणजे कामगाराच्या प्रायोजक मालकाने, पासपोर्ट ठेवून घेतला का, या गोष्टी लोक महिनोन्महिन्यांच्या ओळखीनंतरच बोलतात. कामगारांशी हिंदी-उर्दूत काम भागते. कफील, श्रम कार्यालय आणि न्यायालय यांचे व्यवहार अरबीत चालतात. त्यामुळे अरबी शिकण्याचे वर्षही क्षेत्रकार्याच्या खर्चात धरायला हवे. लोकांच्या घरांत काम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत तर पुरुष संशोधक सहसा पोहोचूच शकत नाही. रियाधमधील तरुण स्त्रियांवरचे आमेली ले रेनार यांचे पुस्तक (२०१४) एका स्त्री संशोधकाने दीर्घकाळ केलेल्या क्षेत्रकार्यातूनच निघाले आहे. पास्काल मेनोरे यांचे त्याच वर्षीचे पुस्तक रियाधच्या रस्त्यांवर बेफाम गाड्या पळवणाऱ्या तरुणांवर आहे. त्यामागेही काही वर्षांचे वास्तव्य आहे.

आखातातल्या भारतीयांवरची महत्त्वाची पुस्तकेही अमेरिकी विद्यापीठांत घडलेल्या संशोधकांच्या हातून आली आहेत: बहारीनवर अँड्र्यू गार्डनर यांचे (२०१०), दुबईवर नेहा वोरा यांचे (२०१३). पुस्तके चांगली आहेत. अडचण त्यांच्यात नाही. पण प्रश्न कोणता विचारायचा हे बऱ्याच अंशी खर्च करणारा ठरवतो, आणि कोकणातल्या गावाला पडलेला प्रश्न दूरच्या विद्यापीठाला पडेलच असे नाही.

महाराष्ट्र स्वतः अशा खर्चाचा विषय होऊन गेला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सुरू झाले. अमेरिकी धान्याच्या विक्रीतून भारतात साठलेले रुपये तिच्या संशोधनवृत्तींना उपयोगी पडले. परदेशी विद्यार्थी पुण्यात राहून मराठी शिकले. त्याच दशकात अमेरिकी अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध पुरा केला (१९६९). भाषा आणि मुक्काम यांवर खर्च केला की काय हाती लागते, हे महाराष्ट्राला दुसरीकडे शोधायला नको.

पैशाइतकाच परवानगीचा प्रश्न कठीण आहे. सौदीने २०१९ मध्ये पर्यटन व्हिसा खुला केला, पण पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेणे संशोधकाला धोक्याचे आणि बोलणाऱ्या कामगाराला त्याहून अधिक धोक्याचे. डरहॅम विद्यापीठाचा पीएच.डी.चा विद्यार्थी मॅथ्यू हेजेस याला मे २०१८ मध्ये दुबईत क्षेत्रकार्य संपवून परतताना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये हेरगिरीच्या आरोपावरून जन्मठेप सुनावली गेली आणि काही दिवसांतच माफी मिळाली. म्हणून स्थानिक संस्थेशी संलग्न होऊन काम करणे आवश्यक ठरते. रियाधमध्ये १९८३ पासूनचे किंग फैसल संशोधन केंद्र अशी एक जागा आहे. संलग्नता यजमानाची आणि पैसा मात्र स्वतःच्या विद्यापीठाचा, अशी विभागणी असावी. खर्च कंपनीने किंवा यजमान सरकारने केला, तर मजूर त्या संशोधकाला मालकाचाच माणूस समजेल आणि त्याचे काही चुकणार नाही.

सरकारी धोरण सध्या उलट दिशेने गेले आहे. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद संशोधनवृत्ती त्याच वर्षी बंद झाली. कोकणातल्या घरातून आलेला, उर्दू जाणणारा, बथ्यातल्या माणसाला आपला वाटणारा विद्यार्थी अशा धोरणात भरडला जातो.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था संशोधनवृत्ती देतात. त्यांना आणि विद्यापीठांना मिळून परदेशी क्षेत्रकार्याचा निधी उभारता येईल. त्याची रचना तिकिटांच्या हिशेबावर नको. आधी तीन-चार आठवड्यांची पाहणी, मग भाषा, मग नऊ-दहा महिन्यांचा मुक्काम आणि लेखन सुरू झाल्यावर एक परतफेरी, असे हप्ते हवेत. विमा आणि अडचणीच्या वेळी परत आणण्याची जबाबदारी विद्यापीठाने लेखी घ्यावी. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा रियाधहून भारतीयांना आणणारे पहिले खास विमान मे महिन्यात निघाले. तेवढे दिवस परक्या शहरात काढायचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशावर पडता कामा नये.