भरण्यांची कावड

जुन्या शहरातील श्रीराजराजेश्वराच्या कावडयात्रेचा आरंभ 1944 च्या अवर्षणात झाला, असे परंपरेने सांगितले जाते. घरोघरी चिंता असताना भाविकांनी गांधीग्रामहून पूर्णेचे जल पायी आणून अभिषेक केला. आजही श्रावणातील अखेरच्या सोमवारी भाविक तीच वाट ‘हर्र बोला महादेव’च्या घोषात चालतात. भरण्यांची कावड एकट्यास पेलत नाही. एक खांदा दुखू लागताच दुसरा पुढे येतो. प्रपंचात मात्र मनुष्य आजारपण, नापिकी, कर्ज एकटाच वाहतो आणि त्यालाच धैर्य समजतो! गृहसंकटात रुग्णसेवेच्या पाळ्या लावाव्यात. सायंकाळी दिवा लावून लहानथोरांनी एकत्र शिवनाम घ्यावे, एका पंगतीस जेवावे. घरात दुःख आहे म्हणून हसणाऱ्या बालकास दटावू नये. अंथरुणावरील रुग्णाचे कान त्याच आवाजाकडे लागलेले असतात.