प्रिन्स आणि माउली

२०१४ च्या पावसाळ्यात लातूरच्या रितेश देशमुखचे दोन सिनेमे चौदा दिवसांच्या अंतरानं लागले. २७ जूनला हिंदीतला ‘एक व्हिलन’, ११ जुलैला मराठीतला ‘लय भारी’. एकात तो बायकांचे खून करत हिंडतो, दुसऱ्यात पंढरपूरचा दांडगा माउली होतो. त्याआधी बरीच वर्षं त्यानं हसवण्याची कामं केली, मधूनमधून सरळ नायकही झाला. २०१० चा ‘जाने कहाँ से आयी है’ त्यातलाच. तो आज किती जणांच्या लक्षात आहे? ‘एक व्हिलन’मधल्या खुन्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

‘लय भारी’त तर सरळ की विक्षिप्त, हा निवाडा एकाच तिकिटात होऊन गेला. तिथं रितेशच्याच दोन भूमिका आहेत. प्रिन्स श्रीमंत घरातला, शिकलेला, सभ्य. माउली रांगडा, अंगावर आलेल्याला शिंगावर घेणारा. खुद्द रितेशच्या आयुष्याला जवळचा म्हणाल तर प्रिन्स. पण शिट्ट्या पडल्या त्या माउलीला. प्रिन्स मारला जातो आणि सिनेमा खरा तिथून पेटतो.

याचं एक कारण लातूरला सहज कळेल. बाभळगावच्या देशमुखांचा मुलगा कसा बोलतो, वडीलधाऱ्यांपुढं कसा वाकतो, हे इथल्या माणसाला ठाऊकच आहे. रितेशचे वडील विलासराव दोनदा मुख्यमंत्री झाले. त्या घराची रीतभात जिल्ह्यानं जवळून पाहिली. जो चेहरा फुकट पाहायला मिळतो, तोच पडद्यावर पाहायला तिकीट कशाला काढायचं?

पण एवढ्यानं भागत नाही. ‘एक व्हिलन’मधला राकेश पाहा. टेलिफोन दुरुस्त करणारा साधा नोकरदार. लोक त्याला घालूनपाडून बोलतात, घरी बायको नावं ठेवते, आणि हा मान खाली घालून ऐकून घेतो. गिळलेला तो राग मग दुसऱ्याच कुण्या बाईच्या जिवावर उठतो. त्याच्या कृत्याला क्षमा नाही, आणि पाहणाऱ्याला त्याची शिसारीच यायला हवी. तरी त्याच्यावरून नजर हटत नाही, कारण अपमान गिळणं कुणालाच नवं नाही. बँकेच्या खिडकीशी, तहसीलच्या वऱ्हांड्यात, सावकाराच्या ओट्यावर आपण ते रोज करतो आणि चेहरा सरळ ठेवून घरी येतो. सरळ भूमिका आपला तो ठेवलेला चेहरा दाखवते. विक्षिप्त भूमिका त्याच्या आत काय साचलंय ते दाखवते.

तमाशातही हेच दिसतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथं तमाशाचे फड उतरतात. गवळण सुरू झाली की लोक वाट बघतात ती मावशीची. मिशी काढलेला बाप्या डोक्यावर पदर ओढतो, कमरेवर हात ठेवतो आणि साक्षात कृष्णाला उलट बोलतो. देवाला जाब विचारायची हिंमत एरवी कोण करतो? पुढं वगातला राजाही मन लावून काम करतो, वाक्य न् वाक्य चोख म्हणतो. पण घरी जाताना लोकांच्या तोंडी असतात मावशी आणि सोंगाड्या. पैठणच्या नाथांनी भारुडात वासुदेव, जोशी, विंचू चावलेला अशी सोंगं घेतली, तीही उगाच नव्हेत. सोंगाच्या तोंडून जे खपतं, ते उघड्या तोंडानं बोलता येत नाही.

तरीही मला वगातल्या त्या राजाची बाजू घ्यावीशी वाटते. साधा माणूस उभा करणं सोपं नाही. तिथं पदर नाही, मिशी नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. नुसतं बसणं, उठणं, ऐकणं. आणि ते जमलं तर आपण म्हणतो, ‘त्यात काय, तो आहेच तसा!’ हा अन्याय आहे.

३० डिसेंबर २०२२ ला रितेशचा मराठी सिनेमा ‘वेड’ आला. दिग्दर्शनही त्याचंच. यातला त्याचा सत्या पहिल्या प्रेमात पोळलेला, दारूत दिवस घालवणारा, बायकोच्या कमाईवर जगणारा आणि तिच्या डोळ्यांना डोळा न भिडवणारा नवरा. असे नवरे गल्लोगल्ली आहेत. तरी थिएटरं भरली. म्हणजे लोकांना साध्या माणसाचं वावडं नाही. साध्या माणसाच्या आत कुणी उतरलंच नाही, तर मात्र ते चुळबुळ करतात.

मला अशी एक भूमिका पाहायची आहे. मार्केट यार्डात सोयाबीन घालून, पट्टी खिशात घडी करून ठेवून, ट्यूशनसाठी आणलेल्या पोरीला खोली शोधत लातूरच्या गल्ल्यांतून हिंडणारा बाप. डिपॉझिटचा आकडा ऐकून तो क्षणभर गप्प होतो, मग पोरीकडं बघून ‘चालतंय की’ म्हणतो. ही भूमिका लिहायला कुणी बसलं असेल, तर त्यानं रितेशला जरूर विचारावं.