तुमचे मूल कुठे आहे?



जून महिना हा येशूच्या पवित्र हृदयाचा महिना आणि आपल्या मुलांच्या शाळा सुरू होण्याचाही महिना. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर मुले अंगणात नव्या वह्या-पुस्तकांच्या गप्पा मारत होती. त्यांच्याकडे पाहताना मला गेल्या वर्षीची एक भेट आठवली. ती आज तुम्हांला सांगतो. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका घरची नाही, आपल्या बऱ्याच घरांची आहे.

आपल्या धर्मग्रामातील एक माता आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा नववीत. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचे काम करते, नवरा टेम्पो चालवतो. ती म्हणाली, "फादर, याच्या वर्गातल्या एका पोराला सरकारकडून शिष्यवृत्ती मिळते. त्याचं घर आमच्यासारखंच. मग आमच्या पोराला का नाही?"

मी मुलाला विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूहळू उलगडा झाला. आठवीत असताना त्या परीक्षेची सूचना वर्गात वाचून दाखवली होती. घरी दाखवायला कागदही दिला होता. तो कागद घडी घालून दप्तराच्या मागच्या कप्प्यात राहिला. हीच सूचना मोबाइलवरच्या गटातही आली होती. पण तो गट वडिलांच्या फोनवर, आणि वडील दिवसभर रस्त्यावर. रात्री शंभर निरोप साचलेले असत, ते कोण वाचणार?

ती माता रडली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, मी रोज डबा भरून देते. दप्तर मीच उचलून खुंटीला लावते. पण ते उघडून कधी बघितलंच नाही."

बंधु-भगिनींनो, ही परीक्षा कोणती ते आधी सांगतो, म्हणजे यंदा कोणाच्या घरी असे होणार नाही. तिला शाळेत 'एनएमएमएस' म्हणतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठी केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती आहे. सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना ती परीक्षा देता येते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो. त्याशिवाय राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा वेगळी आहे. ती कोणत्या वर्गांना आहे, ते पालकांनी या आठवड्यातच वर्गशिक्षकांना भेटून विचारावे.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत लूकने येशूच्या बालपणातील एकच प्रसंग सविस्तर सांगितला आहे. त्या वेळी येशू बारा वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने सहावी-सातवीतला मुलगा. वल्हांडण सणासाठी पवित्र मरिया आणि योसेफ त्याला घेऊन यरुशलेमला गेले. सण संपला, माणसे परत निघाली. येशू मात्र मागे राहिला, आणि आईवडिलांना ते कळले नाही. तो सोबतच्या माणसांत कुठेतरी असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले.

मी या एका दिवसाच्या वाटेवर पुष्कळ वेळा विचार केला आहे. मरिया आणि योसेफ यांच्यासारखे आईवडील जगात दुसरे नाहीत. तरी त्यांच्याकडूनही असे झाले. प्रेम कमी होते म्हणून नव्हे. तो सोबत आहे असे त्यांनी धरून चालले, म्हणून. आपणही असेच धरून चालतो. मूल रोज शाळेत जाते, म्हणजे शिकते आहे. क्लास लावला आहे, म्हणजे अभ्यास होतो आहे. पुस्तक समोर उघडे आहे, म्हणजे वाचतो आहे. असे समजून आपण एक दिवस नव्हे, पाचवीपासून आठवीपर्यंत चार वर्षांची वाट चालून जातो. मग निकाल हाती येतो आणि आपण शोधायला निघतो.

पूर्वी आठवीपर्यंत कोणी नापास होत नसे, म्हणून पुष्कळ पालक निर्धास्त असत. आता तसे राहिलेले नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम केला. नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षा मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. शोध घ्यायला मार्चपर्यंत थांबू नका, जूनमध्येच मागे वळा, एवढ्यासाठी सांगतो.

मरिया आणि योसेफ यांनी काय केले? ते परत फिरले. 'तुझा मुलगा, तूच बघ' असे योसेफ म्हणाला नाही. दोघांनी मिळून शोधले. हे मी येथील बापमंडळींना मुद्दाम सांगतो. शाळेच्या पालकसभेत गेलो की मला बहुतेक माताच दिसतात. वडिलांची सही प्रगतिपुस्तकावर असते, पण पाय शाळेत लागलेले नसतात. आणि येशू सापडला तेव्हा मरियेने आधी प्रश्न विचारला. तू असे का केलेस, आम्ही किती काळजीत होतो, एवढेच ती म्हणाली. हात उगारला नाही, शेजारच्या मुलाशी तुलना केली नाही. येशू तेथे काय करत होता? शिक्षकांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. शुभवर्तमानातील विद्यार्थी येशूचे हे चित्र आहे. त्यानंतर तो नासरेथला गेला, आईवडिलांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढत गेला. म्हणजे मंदिरात जे सुरू झाले ते पुढे घरातच वाढले.

घरात ते कसे वाढते? येथे सेमिनरीत शिकलेल्या तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेतो. अॅरिस्टॉटल सांगतो की सद्गुण उपदेशाने येत नाही, तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याने येतो. वीणा वाजवूनच माणूस वीणा वाजवणारा होतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही सवयीचा विचार याच वाटेने पुढे नेला. तेव्हा "अभ्यास कर, अभ्यास कर" असे दिवसातून दहा वेळा म्हटल्याने सवय मुलाला लागत नाही. फक्त आपल्याला म्हणायची सवय लागते. मुलाला सवय लागते ती ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि घरातील शांतता यांनी.

आपल्या सोलापूरला हे वेगळे सांगायला नको. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल, नरसिंग गिरजी मिल चालू होत्या तेव्हा अख्खे शहर भोंग्यावर चालत असे. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की पाळी बदले. आपल्यातील वडीलधाऱ्यांना तो अजून कानात ऐकू येतो. मिल बंद पडल्या, भोंगे थांबले. आता प्रत्येकाच्या हातात घड्याळ आहे, मोबाइल आहे, पण घराला वेळ राहिलेली नाही.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, मुले मोबाइलवर शिकली. शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आले की मोबाइल हातातून सुटत नाही आणि अभ्यासात मन लागत नाही. घरी गेले तर आईवडीलही टीव्हीसमोर किंवा फोनवर. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी बैठक घेतली. ठरले असे: रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजेल. त्यानंतर साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला काहींनी हसण्यावारी नेले. मग मालिका पाहणाऱ्या स्त्रियांनीच पुढाकार घेतला. पुढे या गावाची बातमी देशाबाहेरही पोहोचली.

मला या गोष्टीतील एक बाब फार महत्त्वाची वाटते. भोंगा वाजल्यावर पहिला त्याग मुलांनी केला नाही, मोठ्यांनी केला. आपल्या घरात काय होते? बाप क्रिकेट पाहत पाहत मुलाला म्हणतो, "पुस्तक घे." मुलगा पुस्तक घेतो, पण कान स्कोअरकडे. मी स्वतःलाही सोडत नाही. जपमाळेच्या वेळी माझा फोन खिशात थरथरतो आणि माझे लक्ष तिकडे जाते, हे मी येथे कबूल करतो. जे आपण सोडत नाही, ते मुलाने सोडावे असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणि आपल्याला तर भोंगा उसना आणायचीही गरज नाही. आपल्या चर्चला घंटा आहे. ख्रिस्तसभेत शतकानुशतके सायंकाळी आंजेलसची घंटा वाजत आली आहे. शेतातला माणूस हातातले काम थांबवून उभा राहत असे, प्रार्थना करत असे. म्हणून पॅरिश कौन्सिलशी बोलून असे ठरवले आहे की उद्या सोमवारपासून रोज सायंकाळी सात वाजता घंटा वाजेल. घंटा झाली की घरातील सर्वांनी आंजेलसची प्रार्थना म्हणावी आणि साडेआठपर्यंत टीव्ही व मोबाइल बंद ठेवावा. ज्यांच्या घरात जागा नाही, यंत्रमागाचा आवाज आहे, किंवा आईवडील दोघेही दुसऱ्या पाळीला आहेत, त्यांच्या मुलांसाठी चर्चचा हॉल त्या वेळेत उघडा राहील. मी स्वतः तेथे असेन आणि माझा फोन कार्यालयात ठेवून येईन.

"फादर, आम्ही काही शिकलेलो नाही, मुलाचा अभ्यास कसा घेणार?" असे काही माता विचारतात. त्यांना मी सांगतो, अभ्यास घेण्यासाठी पुस्तक वाचता यावे लागत नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिले की शिकलेली गोष्ट पहिल्याच दिवशी भराभर विसरली जाते आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली की टिकते. म्हणून भाकरी थापता थापता एवढेच विचारा: "आज शाळेत काय शिकलास? पुस्तक मिटून मला सांग." मुलगा सांगू लागतो, अडतो, पुन्हा पुस्तक उघडून बघतो. तेथेच अभ्यास होतो. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा. निरक्षर आईसुद्धा हे करू शकते. तुम्हांला समजले नाही तर तसे स्पष्ट म्हणा. आईला समजावून सांगताना मुलाला स्वतःला समजते.

दुसरे, रोज रात्री दप्तर उघडा. मुलाची चोरी पकडायला नव्हे, त्याच्यासोबत बसून. कागद आहे का, वहीवर बाईंचा शेरा आहे का, ते पाहा. शाळेचा मोबाइलचा गट ज्या फोनवर आहे, त्याने साडेआठनंतर ते निरोप घरात मोठ्याने वाचून दाखवावेत. पाच मिनिटेही लागत नाहीत.

तिसरे, शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो. ही खुर्ची तुमचीच आहे. आपण गेलो नाही तर ती रिकामी राहते किंवा नावापुरती भरली जाते. तक्रार घेऊनच जायचे असते असे नाही. "माझा मुलगा कसा आहे?" एवढे विचारायला जा. ज्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो, त्यांच्याबरोबर मी किंवा आपल्या सिस्टर येऊ.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण तशी जबाबदारी वेदीसमोर स्वीकारलीही आहे. शाळा आणि क्लास आपल्या मदतीला आहेत, आपल्या बदली नाहीत.

तो नववीतला मुलगा आता दहावीत गेला आहे. गेलेली शिष्यवृत्ती परत आली नाही, येणारही नाही. पण त्याच्या धाकट्या बहिणीला यंदा आठवी आहे. गेल्या आठवड्यात ती माता मला चर्चच्या पायरीवर भेटली. म्हणाली, "फादर, आता रोज रात्री दप्तर उघडते. मला वाचता येत नाही, पण पोरगी वाचून दाखवते." योसेफ आणि मरिया यांना तीन दिवसांनी मूल सापडले. या घराला त्याहून अधिक वेळ लागला, पण ते परत फिरले.

आज मिस्साहून घरी जाताना आपल्या मुलाचा हात धरा आणि तो कोणत्या धड्यावर आहे, एवढे विचारा.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू बाराव्या वर्षी शिक्षकांच्या पायाशी बसून ऐकलेस आणि प्रश्न विचारलेस. आमच्या मुलांना ऐकण्याची आणि विचारण्याची बुद्धी दे. आम्हां आईवडिलांना मागे वळण्याची नम्रता दे. मरिये आणि योसेफ, आमच्या घरांसाठी विनंती करा. आमेन.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू