डावा पाय

खुर्चीत बसा. मांडी नको, आज पाय मोकळे हवेत. चपला बाजूला काढून ठेवा आणि दोन्ही तळवे फरशीला टेकू द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावू नका.

समोरून एक चेंडू येतो आहे. जुना, चामड्याचा, वादीनं तोंड बांधलेला, पावसात भिजून जड झालेला. सावकाश घरंगळत येतोय. मारू नका. कुठला पाय उचलायला निघाला, एवढंच पाहा.

बहुतेकांच्या उजव्या मांडीत बारीकशी हालचाल झाली असेल. तुम्ही ठरवलं नव्हतं, तरी झाली. डावा पाय तसाच टेकलेला राहिला. जन्मभर त्यानं तेच केलं आहे: तुम्हाला तोलून धरायचं, आणि काम दुसऱ्याला करू द्यायचं. थोडा वेळ त्याच्याकडे लक्ष द्या. टाच, चवडा, करंगळी.

हैदराबादेत एका मास्तरांचं नेमकं इथे लक्ष गेलं होतं. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९. पेशानं शाळाशिक्षक. काचीगुडा, चादरघाट ही आपल्या मराठी घरांच्याही ओळखीची नावं. तिथल्या शाळांत ते शिकवत. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून आणि शहरातल्या कमर क्लबकडून फुटबॉल खेळले, आणि मग हळूहळू रेषेबाहेर येऊन उभे राहिले. रहीमसाब असे सामने भरवत, ज्यात चेंडू फक्त आपल्या कच्च्या पायानं मारायचा. दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांत चेंडू पायाशी घोळवायलाच बंदी. आला की सोबत्याकडे द्यायचा.

मनातल्या मनात हे करून पाहा. पुन्हा तोच चेंडू येतो आहे. उजवा पाय पुढे सरसावतो, त्याला थांबवा. डाव्याला बोलवा. तो अवघडतो, घोटा आखडतो, चेंडू भलतीकडे जातो. जाऊ द्या. पुन्हा येईल. या अवघडलेपणातच थोडं थांबा. ज्याला दहा वर्षं उजव्या पायाची वाहवा मिळाली, अशा खेळाडूला पुन्हा रांगायला लावणं सोपं नाही. मला वाटतं, हे एखादा शाळामास्तरच करू जाणे. मूल चुकत चुकत शिकतं, हे त्यानं रोज पाहिलेलं असतं.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. त्या संघानं मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ असा सलग ५ वेळा रोव्हर्स कप जिंकला. देशाच्या संघाची जबाबदारीही आली. १९५१ला दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० अशी हार. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. तोच युगोस्लाव्हिया १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पुन्हा समोर आला. त्याआधी मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाला ३ गोल मारले होते, युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. आपण १-४ हरलो. शेवटी चौथा क्रमांक. दहा गोलांपासून चौथ्या क्रमांकापर्यंत ४ वर्षं. या आकड्यांपाशी घाई करू नका. या ४ वर्षांत किती चेंडू भलतीकडे गेले असतील!

आता श्वासाकडे या. आत येतो, जरा थांबतो, बाहेर जातो.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२. आशियाई खेळांचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात याच संघानं आपल्याला २-० हरवलं होतं. राजकारणावरून प्रेक्षक भारतावर खवळलेले. गोंगाट ऐका, पण त्यात शिरू नका. तुम्ही रेषेबाहेर उभे आहात, रहीमसाबांच्या शेजारी. वय ५३. छातीत कर्करोग. तुम्ही आत्ता घेतलात तेवढा साधा श्वासही त्यांना सहज मिळत नसेल.

जर्नेलसिंगकडे पाहा. हा बचावातला गडी. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, ६ टाके पडले. रहीमसाबांनी त्याला बसवलं नाही, पुढे, थेट आक्रमणात उभं केलं. ज्या जागेची सवय नाही, ती जागा. १७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल. पाठोपाठ, २०व्या मिनिटाला, जर्नेलसिंगचा.

मग तासाभराहून जास्त वेळ ती आघाडी राखायची. ८५व्या मिनिटाला कोरियाचा एक गोल होतो. ५ मिनिटं उरलीत. इथे थांबा. प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द मला या ५ मिनिटांत दिसते. पाय शिवशिवतात, रेष समोर आहे, आणि ती ओलांडायची नाही. जे द्यायचं ते धुळीतल्या मैदानांवर देऊन झालेलं आहे. आता ते दुसऱ्यांच्या पायांत आहे. चेंडू इकडून तिकडे जातो. तुमचे दोन्ही तळवे जमिनीवरच ठेवा. श्वास आत. श्वास बाहेर.

शिट्टी वाजते. २-१.

११ जून १९६३ला रहीमसाब गेले. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

तळव्यांखालची फरशी आता थोडी ऊबदार झाली असेल. बोटं हलवा, घोटे फिरवा. उठताना घाई करू नका. चपला जवळ ओढा, आणि आधी डावा पाय घाला.