जपमाळेनंतरची पाच मिनिटे



वसईतील आमच्या वाडीवरच्या घरात रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळ व्हायची. आजी सुरुवात करायची आणि आम्ही भावंडे पेंगत उत्तरे द्यायचो.

मी नऊ वर्षांचा असताना एके दिवशी अल्तारावर ठेवलेली दोन रुपयांची नोट सापडेना. बाबांचा संशय माझ्यावर गेला. माझे काही न ऐकता त्यांनी मला थप्पड मारली. संध्याकाळी आई दादरला भाजी विकून परतली, तेव्हा कळले की गाडीच्या तिकिटासाठी नोट तिनेच नेली होती.

त्या दिवशी जपमाळ संपली, पण बाबा उठले नाहीत. गुडघ्यांवरच माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पोरा, माझं चुकलं. मला माफ कर." मातीचा वास येणारा त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. घरात कोणीच काही बोलले नाही.

बारा वर्षांचा येशू मंदिरातून नाझरेथला परतला आणि आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, असे संत लूक सांगतो. सुमारे तिसाव्या वर्षी त्याने आपल्या कार्याला प्रारंभ केला. मधल्या काळाविषयी शुभवर्तमान गप्प आहे. पण पिठातले खमीर, दिवठणीवरचा दिवा, जुन्या वस्त्राचे ठिगळ, हे त्याचे दाखले घरातलेच आहेत. पोप पॉल सहावे ५ जानेवारी १९६४ रोजी नाझरेथला गेले, तेव्हा तेथून शिकण्याच्या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या: मौन, कुटुंबजीवन आणि श्रम. त्यात मौन पहिले होते.

पुढे मी धर्मगुरू झालो. क्षमेवर प्रवचनेही दिली. तरी काही दिवसांपूर्वी एका वेदीसेवकाला मी सर्वांसमोर रागावलो आणि चूक माझीच निघाली. फादरने लहान मुलाची माफी कशी मागायची? मन आडवे येत होते. तेव्हा गुडघे टेकलेले बाबा आठवले. पुढच्या रविवारी मिस्साआधी सर्व वेदीसेवकांसमोर मी त्या मुलाची माफी मागितली. क्षमेचा धडा मी सेमिनरीत जाण्याच्या कितीतरी आधी घरी शिकलो होतो.

आईबाबांनो, आज जपमाळ संपल्यावर लगेच टीव्ही लावू नका, मोबाइल हाती घेऊ नका. पाच मिनिटे एकत्र बसा. कोणाला "माझं चुकलं" म्हणायचे राहिले असेल, तर म्हणा. मुलांपुढे म्हणा, मुलांनाही म्हणा.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांसाठी विनंती करो. आमेन.